करड्या चौकटीवरचं नाव

२७ जानेवारी २०२५, सोमवार. सापगाव

आले एकदाची! पुण्याहून माळशेज उतरून मुरबाड, तिथून शहापूरची गाडी धरून सापगाव. कॅमेऱ्याची तिपाई, दोन कॅमेरे, चार मोबाइल आणि चाचणीच्या कार्डांनी फुगलेली बॅग असं सगळं अंगाखांद्यावर घेऊन भातसेच्या पुलाजवळ उतरले, तर थांब्यावरच्या एका बाईने विचारलं, कुणाच्या लग्नाची शूटिंग आहे. हो म्हटलं असतं तर हळदीला घेऊनच गेली असती.

काम सोपं आहे. आमची कंपनी कार्यक्रमांची तिकिटं ऑनलाइन विकणारी साइट चालवते. सोळा फेब्रुवारीच्या रविवारी मुरबाडला कबड्डीच्या मोठ्या स्पर्धेचे शेवटचे सामने आहेत आणि तिथे पहिल्यांदाच सीट नंबरची तिकिटं मोबाइलवरून निघणार आहेत. मी गावातल्या माणसांच्या हातात मोबाइल द्यायचा, तिकीट काढा म्हणायचं, आणि ती कुठे अडतात ते तोंड मिटून वहीत लिहायचं. अडलात तर चूक साइटची, तुमची नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. आदेश हा माझा वरिष्ठ, मूळचा मुरबाडचा. स्पर्धेच्या कमिटीत त्याचा काका आहे, म्हणून चाचणीसाठी हा भाग.

खोली फार गोड मिळाली आहे. सकुबाई म्हणून साठीच्या बाई आहेत, त्यांच्या घराची माडी. निळी खिडकी उघडली की कापलेल्या भाताची खाचरं, त्यात वालाचे हिरवे पट्टे, आणि पलीकडे वीटभट्टीचा धूर. सकुबाई म्हशीशी माणसासारखं आणि माणसांशी म्हशीसारखं बोलतात. मला पहिलं वाक्य म्हणाल्या, "हाडकं दिसतायत गो तुजी. बस, भाकर टाकतंय."

खाली त्यांच्याजवळ जया नावाची बत्तीस-तेहतीसची बाई राहते. नात्यातली असावी. भट्टीवर कामाला जाते. वालाच्या शेंगा सोलत बसली होती, माझ्याकडे बघून हसली, पण पदराखालचा डावा हात बाहेर काढला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

चाचण्या सुरू. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेतलं एक टेबल मिळालंय. दोन दिवसांत नऊ माणसं झाली.

बरंच कळलं. सीट निवडायला पाच मिनिटं मिळतात, ते उलटं चालणारं घड्याळ दिसलं की माणसं घाबरून मोबाइल खाली ठेवतात. कीबोर्ड उघडला की 'पुढे चला' त्याच्याखाली झाकलं जातं. चौघांचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर गेला आणि मुलगा भिवंडीला गोदामात.

सगळ्यात मजा भिमीने आणली. ती माळशेजखालच्या वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावरची, हिवाळाभर इथल्या भट्टीवर असते, जयाची मैत्रीण. उंच, काटक, हसली की खोली भरते. सीट निवड म्हटल्यावर तिने थेट मधल्या मैदानावर बोट ठेवलं. तिथे बसता येत नाही म्हटलं, तर म्हणाली, "मंग बसायचा कुणाला हाय? खेळायचा हाय." मी हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलंय.

भिमीने जयालाही घेऊन येते म्हणून सांगितलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

जयाची चाचणी आज झाली. इतकी हुशार बाई मला आठवडाभरात भेटली नव्हती. उजव्या हाताच्या एका अंगठ्याने तिने सगळं केलं. डाव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत.

नावाच्या पानावर मात्र थांबली. खरंच नाव लागतं का? खोटं चालेल का? मी म्हटलं, दारावर आधार कार्ड बघणार आहेत, नाव तेच हवं. गावही खरं लिही. मग तिने विचारलं, हे कमिटीवाल्यांना दिसतं का. मी म्हटलं, छे, ऑनलाइन कोण कुणाचं बघतंय.

 नाव-गाव लिहायला माणसं बिचकतात, हे वहीत टिपलं.

चाचणी संपल्यावर ती उठली नाही. हळूहळू सांगितलं. तिची बारा वर्षांची मुलगी सोळा तारखेला मुरबाडला शाळेच्या संघातून खेळणार आहे. दीड वर्षात तिने तिला पाहिलेलं नाही. तिकीट काढून, तोंडाला ओढणी बांधून मागे बसायचं, लेकीला बघायचं आणि निघून यायचं, इतकंच तिला हवंय. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही, इकडे घेत नाहीत. "मनीचा बाप" म्हणाली. भावाच्या हळदीला न विचारता गेली, म्हणून त्याने तिचा हात पाट्यावर ठेवून वरवंट्याने एकेक बोट मोडलं. ओरडत नव्हता, शिवीसुद्धा दिली नाही. "टाइम घेतला त्याने. मधी थांबून पाणी पिला," ती म्हणाली. चौथ्या बोटाला शेजारी आले म्हणून हात वाचला.

इस्पितळात शेजारच्या खाटेवर सकुबाई पाय मोडून पडलेल्या होत्या. नातं काहीच नाही. घरी जाताना त्या हिला आपल्याबरोबर घेऊन आल्या. माहेरी तो शोधून गेला, सापगाव त्याला ठाऊक नाही.

मी लगेच तिचं खरं तिकीट काढून दिलं. पूर्वेची बाजू, शेवटून दुसरी रांग, जे-चौदा. आधारवर माहेरचं नाव आहे, तेच घातलं. जया विशे, सापगाव.

३ फेब्रुवारी, सोमवार

एक गोष्ट सापडली. विकली गेलेली सीट नकाशावर करड्या रंगाची होते. त्या करड्या चौकटीवर बोट जरा दाबून धरलं, की ती ज्याने घेतली त्याचं नाव आणि गाव वर येतं.

आदेशला फोन केला. तो म्हणाला, मुद्दाम ठेवलंय. काकांचीच कल्पना. गावाकडे माणसं आपापल्या माणसांशेजारी बसतात, कोण कुठे आहे हे दिसलं की तिकिटं भराभर जातात. स्पर्धा होऊ दे, मग काढू. मी जयाचं सांगितलं, नाव न घेता. तो म्हणाला, चारशे चौकटींवर बोट दाबत कोण बसणार आहे?

मलाही ते पटलं. अहवालात त्या दोषापुढे 'मध्यम' लिहिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार. मुरबाड

आज इथे सहा चाचण्या. कमिटीने माणसं पाठवली होती.

शेवटचे वाल्मिकभाऊ. कमिटीत खुर्च्या आणि मॅटची व्यवस्था त्यांच्याकडे. चाळिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं इतकं मऊ की कॅमेऱ्याचा माइक जवळ न्यावा लागला. त्यांची मुलगी मनस्वी सोळा तारखेला खेळणार आहे, जर्सीतला फोटो दाखवला. तिकीट त्यांनी तीन मिनिटांत काढलं. मग मला विचारून ते नकाशाशी खेळत राहिले. नावं वर येतात हे त्यांना आपोआपच सापडलं. एकेका करड्या चौकटीवर बोट ठेवून हलक्या आवाजात नाव वाचायचे. हा आमचा शिक्षक, हा सरपंचाचा मेव्हणा.

एका ठिकाणी बोट थांबलं. मी घड्याळ लावलं, चाळीस सेकंद. नियमाप्रमाणे विचारलं, आत्ता मनात काय चाललंय? ते म्हणाले, "काय नाय ताई. नेट स्लो आहे."

नेट स्लो नव्हतं. मी 'कारण अस्पष्ट' लिहिलं.

निघताना त्यांनी माझी जड बॅग उचलली. त्यांना शहापूरला काम होतं, सापगाव वाटेतच. मोटारसायकलवरून थेट अंगणापर्यंत सोडलं. सकुबाईंनी तांब्याभर पाणी दिलं. ते सावकाश प्यायले, तांब्या खाली ठेवला, घराकडे, दोरीवर वाळणाऱ्या जयाच्या ओढणीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "येतो मावशी" म्हणून गेले. जया भट्टीवरून यायची होती.

किती सभ्य माणूस, असं मी वर चढताना मनात म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

 जसं घडलं तसं लिहिते.

मी मुरबाडला होते, जया भट्टीवर. दुपारी दोनच्या सुमाराला घरी आले तर अंगणात म्हैस आडवी पडलेली. मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कापलेल्या होत्या. ती पुढच्या पायांवर उठायची आणि पडायची, उठायची आणि पडायची, ओरडतही नव्हती. ओटीवर रक्ताचे ठसे उमटलेले, बुटांचे. आत सकुबाई चुलीजवळ बसल्या होत्या. भिंतीला टेकवून बसवल्यासारख्या. जबडा एका बाजूला सरकलेला. दोन्ही हात मांडीवर, आणि बोटं — दहाच्या दहा — कुठल्या कुठे वळलेली. शेजारी वरवंटा, आणि पाण्याचा रिकामा तांब्या.

जया कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही. दहा बोटं मोडेपर्यंत सांगितलं नाही.

मी तोंडाजवळ कान नेला. मोठ्या कष्टाने शब्द आले. "तोच गो… तू आनलेलास… पानी पिऊन गेला तो."

शेजारच्यांनी गाडी काढली. जया भट्टीवरून धावत आली, भिमी तिच्या मागे. मी कॅमेऱ्यातली बुधवारची चाचणी जयाला दाखवली. पांढरा शर्ट दिसताच ती खाली बसली. पण नजर काढली नाही. चाळीस सेकंद ती त्याच्या थांबलेल्या बोटाकडे बघत राहिली.

त्याला कसं कळलं, तिने मला विचारलं.

मी कॅमेरा बंद करून बॅगेत घातला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकुबाई पहाटे वारल्या, ठाण्याच्या इस्पितळात.

पोलीस चांगले होते. तासभर बसून ऐकलं, लगेच माणसं पाठवली. तो घरी नाही. मुलगी आजीजवळ, मुरबाडला.

जबाबाआधी आदेशचा फोन आला होता. नावं दिसणं त्याने रात्रीतून बंद केलंय. म्हणाला, साइटचा उल्लेख करू नकोस, व्हिडिओ देऊ नकोस, फोटो दे, तेवढा पुरे. कंपनी बुडेल, सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. आणि आता सांगून बाई परत येणार आहे का?

पोलिसांनी विचारलं, जया सापगावात आहे हे त्याला कसं कळलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

जया शेजारी बसली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जया माझ्याजवळ माडीवर झोपते. म्हणजे पडून राहते. रस्त्याच्या तोंडाशी एक पोलीस आहे. म्हैस काल मेली.

पुण्याला निघून जाऊ म्हटलं तर जया मान हलवते. मनीला सोडून नाही.

आज सकाळी साइटच्या आतल्या यादीवर नजर टाकली. ती मला आणि आदेशलाच दिसते. जे-चौदाच्या आजूबाजूच्या चार सीट पहाटे गेल्या आहेत. कमिटीच्या मोफत पासचा कोड वापरून. नाव आणि गाव या दोन रकान्यांत हे लिहिलंय —

जे-तेरा. नाव: सकुबाई. गाव: नाय आता.

जे-पंधरा. नाव: जया वाल्मिक. गाव: सापगाव, माडी, निळी खिडकी.

आय-चौदा. नाव: मनस्वी. गाव: माझ्या हातात.

के-चौदा. नाव: केतकीताई. गाव: विचारून घेईन.

माझं नाव मी त्याला सांगितलं होतं. चाचणीआधी आपलं नाव सांगायची आमची पद्धत आहे.

त्या तिकिटांवरचा मोबाइल नंबर पोलिसांना दिला. बंद येतोय. खिडकीला आतून पोतं ठोकलं. भिमी म्हणते तिच्या पाड्यावर चला, तिथे कोणी येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. वैशाखऱ्याच्या वरचा पाडा

भल्या सकाळी भट्टीच्या ट्रकमध्ये विटांवर बसून निघालो, अंगावर ताडपत्री. घाटरस्त्यापासून वर तासभर चाल. आठ घरं, त्यांतल्या सहांना बाहेरून दोरी बांधलेली, माणसं भट्ट्यांवर गेलेली. उरलेत भिमीची आंधळी आई आणि एक म्हातारा. मोबाइलला रेंज नाही. रेंज हवी तर खाली घाटाच्या वळणापर्यंत जायचं.

भिमीने नाचणीची भाकर केली. 

संध्याकाळी जयाला सगळं सांगितलं. करडी चौकट, बोट, नाव, गाव. मी 'मध्यम' लिहिलेलं. पोलिसांना न सांगितलेलं. ती मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं.

तिने जात्याचा खुंटा धरून दोन रिकामे फेरे फिरवले. मग म्हणाली, "आता दिसतंय का नाव?"

नाही म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ दे. मावशीला तू नाय मारलंस, त्याने मारलंय. पन पोलिसांना सांगशील. मी जगले-मेले तरी सांगशील."

मी हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उठले तर जया नाही. भिमीचा कोयताही नाही.

दुपारी चारच्या सुमाराला ती पायवाटेने वर आली. हाताला शाळेच्या गणवेशातली मुलगी! मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाशी उभी राहिली, हाक मारली. पोरीने आधी ओळखलंच नाही, मग जी धावली ती तारेवरून, गुडघा फाडून. तशाच एसटीत बसल्या.

मनस्वी बोलत नाही फारसं. तिला सांगितलं होतं, आई दुसऱ्या माणसाबरोबर पळाली, तुझं नाव काढलं तरी थुंकते. आईची मोडकी बोटं तिने आपल्या मांडीवर घेतली आणि एकेक सरळ करून बघत राहिली. एकही होत नव्हतं.

ऊन उतरल्यावर त्या दोघी अंगणात कबड्डी खेळल्या. शेणाच्या सारवणावर काठीने रेघ ओढून. जया श्वास धरून आत शिरली, मनीने पाय पकडला, दोघी धुळीत लोळल्या आणि हसल्या. आंधळी आजी टाळ्या वाजवत होती. मी जयाला हसताना पहिल्यांदाच ऐकलं. आवाज लेकीसारखाच आहे.

उद्या सकाळच्या गाडीने माळशेजवरून पुणे. तिघी. तिथे पोचल्या पोचल्या पोलिसांकडे, सगळं सांगायचं, व्हिडिओ सापगावला कुठे ठेवलाय तेही.

भिमी सरपण घेऊन आली. खाली वळणावर एक मोटारसायकल उभी आहे म्हणाली. माणूस दिसला नाही. शाळेपासून एसटीमागे आला असेल तर अंधारात खाली उतरणं नको, म्हणून दाराला आतून मुसळ लावलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी —

जया सात वाजता झऱ्यावर गेली. दोनशे पावलं. भिमी जाते म्हणाली होती, तर जया म्हणाली, मनीचे केस धुवायचेत, मीच आणते. कोयता घरातच राहिला.

ती आली नाही. तो आला.

तिचा हंडा खांद्यावर घेऊन. भरलेला. पांढरा शर्ट कोपरापर्यंत लाल. हंडा अंगणात नीट ठेवला, सांडू न देता. पाणी गुलाबी होतं. त्यात तिची ओढणी.

म्हणाला, "जया येत नाय आता. पोरगी द्या ताई. सामना आहे तिचा."

त्याच आवाजात. नेट स्लो आहे म्हणाला होता त्याच.

मनी ओरडली नाही. तिच्या नाकातून नुसता श्वास — भिमी मागच्या दाराने फिरून आली आणि कोयता घातला. खांद्यात बसला. हाडात अडकला. त्याने भिमीचं डोकं धरून खांबावर आपटलं. दोनदा. मी मनीला ओढलं आणि पळाले. मागे वळून पाहिलं तेव्हा तो गुडघ्यावर होता, कोयता उपटत होता. भिमी रांगत उताराकडे — वळणाकडे — रेंजकडे. तोंडावरून रक्त. तिने हात केला, जा म्हणून. आत आंधळी आजी तिला हाका मारत होती.

पाड्याच्या टोकाला रिकामी अंगणवाडी, तिच्यात शिरलो. पत्र्याचं दार, आतून कडी. टेबल लावलंय, वर पाट्यांची पेटी. वही खांद्यावरच्या झोळीतच होती.

आता —

तो आलाय. दारावर मारत नाही. बाहेर बसलाय. बोलतोय. मनीला सांगतोय, आई झऱ्यावर झोपलीय, चल बघायला. राग नाही आलेला म्हणतो.

मनी माझ्या पोटाशी. तिच्या गणवेशाला ओलं — माझं रक्त नाही, तिचं नाही. भिमीचं आहे, हे तिला सांगितलं नाही.

हे लिहून ठेवते. ज्याला वही सापडेल त्याने पोलिसांना द्यावी. वाल्मिकला जयाचं गाव आमच्या साइटवर दिसलं. तीन तारखेला मला हे माहीत होतं. आदेशला माहीत होतं. नऊ तारखेच्या जबाबात मी खोटं बोलले. व्हिडिओ काळ्या बॅगेत, सापगावला, माडीवरच्या पेटाऱ्यामागे. जया विशेने माझ्यावर विश्वास ठेवून खरं नाव लिहिलं.

तासभर झाला असेल. भिमी पोचली का? पोचली असेल.

तो आता कोयत्याचं टोक दाराच्या फटीत घालतोय. सावकाश. कडीच्या खाली.

मागच्या खिडकीला चार गज. एक सुटा आहे, मी लाथा घालून वाकवला. मनीचं डोकं गेलं. खांदे गेले. माझे जाणार नाहीत.

तिला समजावलं. खिडकीखाली करवंदीची जाळी आहे, तिच्यातून रांगत खाली. मग ओढ्याओढ्याने रस्ता. थांबायचं नाही, झऱ्याकडे बघायचं नाही. भिमी भेटेल. नाही भेटली तर पहिल्या एसटीला आडवं पडायचं. ती म्हणाली, "आन तुमी?"

मी म्हटलं, येते मागून. तिने ऐकल्यासारखं केलं. शहाणी पोर.

गेली.

पाचोळा वाजला — मी पाट्या पाडल्या मोठ्याने. त्याने ऐकलं नाही. नाही ऐकलं.

आत दोघी आहोत असं त्याला वाटायला हवं. मी तिच्याशी बोलतेय. मोठ्याने. मनी, रडू नको. मनी, इकडे बस, पाणी पी. तो बाहेर ऐकतोय. उत्तर का देत नाही विचारतोय. घाबरलीय म्हटलं.

कडीचा एक खिळा आत पडला.

मनी, माझा हात धर. मनी, हे बघ, इथे चित्र आहे —

ती तीन हजार पावलं गेली असेल. मी मोजतेय. साडेतीन हजार.

दुसरा खिळा. बोटं दिसतात फटीतून. मी पाटीने मारली. तो ओरडला नाही. बोटं तिथेच —

खाली हॉर्न. खूप लांब, घाटातला. एसटीचा. थांबल्यासारखा. पुन्हा हॉर्न. थांबलीय. गाडी थांबलीय. मनी पोच —

त्यानेही ऐकलं. उठतोय. खिडकीकडे जातोय, बाजूने — वाकलेला गज त्याला दिसेल, मग तो उताराला लागेल — नाही. त्याला इथेच ठेवायचंय. टेबल बाजूला करते. दार मीच उघड